चोवीस तासांची प्रात्यक्षिक परीक्षा

रायगडाच्या बांधणीसंबंधी एक आख्यायिका कुलाबा जिल्ह्याच्या जुन्या गॅझेटियरमध्ये नोंदलेली आहे. गड बांधून पुरा झाल्यावर शिवाजी महाराजांनी सभा भरवली आणि जाहीर केले की, ठरलेली वाट सोडून, दोर किंवा शिडी न वापरता जो कोणी गडावर चढून दाखवील त्याला सोन्याची थैली आणि सोन्याचे कडे बक्षीस मिळेल. महार समाजातल्या एका माणसाने हे आव्हान घेतले. तो वर चढून गेला आणि त्याने गडावर निशाण रोवले. महाराजांनी त्याला बक्षीस दिले आणि ती वाट बंद करवली. यात इतिहास किती, हे इतिहासकारांनी ठरवावे. आमचे लक्ष तिच्यातल्या तीन गोष्टींकडे आहे. चढण्याची परवानगी आधी दिलेली होती. काय वापरायचे नाही, हे आधी सांगितलेले होते. आणि चढणाऱ्याची वाट कोणती ते कळले, म्हणूनच ती बंद करता आली.

संगणकाच्या जगात हेच काम आज अनेक लोक पोटापाण्यासाठी करतात. त्याला पेनिट्रेशन टेस्टिंग म्हणतात; आपण भेदन-चाचणी म्हणू. संगणकांचा मालक स्वतःच तज्ज्ञाला बोलावतो, लेखी परवानगी देतो आणि सांगतो, 'आत शिरून दाखवा.' त्याची गरज काय, असे कोणी विचारील. पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेतून ११ आणि १३ ऑगस्ट २०१८ या दोन दिवसांत सुमारे ९४ कोटी रुपये चोरीला गेले. तिजोरीला कोणी हातही लावला नव्हता. एटीएमचे व्यवहार मंजूर करणाऱ्या यंत्रणेतच घुसखोरी झाली होती आणि बनावट कार्डांनी अनेक देशांतल्या यंत्रांतून पैसे काढले गेले. अशी वाट चोराच्या आधी आपल्याच माणसाला सापडावी, एवढ्यासाठी हा सारा खटाटोप असतो.

पण मग प्रश्न येतो तो शिक्षकांच्या ओळखीचा आहे. हा 'आपला माणूस' खरोखर तयार झाला आहे, हे तपासायचे कसे?

बहुपर्यायी प्रश्नांची परीक्षा घेता येते, आणि या क्षेत्रात तशा परीक्षा भरपूर आहेत. त्यांतून विद्यार्थ्याला शब्द माहीत आहेत एवढे कळते. याउलट, गेली अनेक वर्षे ज्या परीक्षेचा या व्यवसायात दबदबा आहे ती अथपासून इतिपर्यंत प्रात्यक्षिक आहे. तिचे नाव ऑफेन्सिव्ह सिक्युरिटी सर्टिफाइड प्रोफेशनल, संक्षेपाने ओएससीपी. भेदन-चाचणीसाठी लागणारी साधने एकत्र बांधून दिलेली 'काली लिनक्स' ही संगणकप्रणाली मार्च २०१३ मध्ये ज्या कंपनीने प्रसिद्ध केली, तीच ऑफसेक ही कंपनी ही परीक्षा घेते. येथे आम्ही या परीक्षेची ओळख करून देणार आहोत. विद्यार्थ्यांपैकी कोणाला ती द्यावीशी वाटेल, हे एक कारण झाले. दुसरे असे की, प्रयोगशाळेतल्या प्रात्यक्षिकांतून आपण जे शिकवू पाहतो तेच येथे फार कसोशीने तपासले जाते.

अज्ञात क्षार आणि अज्ञात यंत्र

रसायनशास्त्राच्या प्रात्यक्षिकात विद्यार्थ्याच्या हाती एक पुडी देतात. आत कोणता क्षार आहे ते त्याला सांगत नाहीत. रंग पाहा, तापवून पाहा, ज्योतीत धरा, मग एकेक गट घेऊन चाचण्या करा आणि शेवटी निष्कर्ष लिहा. उतावळा विद्यार्थी निळा रंग दिसताच 'तांबे' असे लिहून मोकळा होतो आणि उरलेल्या चाचण्या निष्कर्षाला साजेशा लिहून काढतो. हे कोणत्या शिक्षकाने पाहिलेले नाही?

ओएससीपीत पुडीच्या जागी सहा संगणक असतात. परीक्षार्थी आपल्या घरीच बसतो. ठरलेल्या वेळी त्याला एका सुरक्षित जोडणीने परीक्षेच्या जाळ्यात सोडले जाते. त्या सहा यंत्रांचे पत्ते त्याला मिळतात, त्यांत दोष कोठे आहे ते सांगितले जात नाही. २३ तास ४५ मिनिटे त्याच्या हातात असतात. त्यानंतर अहवाल लिहून पाठवायला आणखी २४ तास मिळतात. २०१८ पासून परीक्षेवर पर्यवेक्षण असते. परीक्षार्थीचा कॅमेरा आणि पडदा दोन्ही पर्यवेक्षकाला सतत दिसतात, खोलीबाहेर जाताना सांगून जावे लागते. जेवायला, झोपायला मुभा आहे. घड्याळ मात्र थांबत नाही.

पुस्तके, स्वतःच्या वह्या, इंटरनेटवरची माहिती हे सर्व वापरायला परवानगी आहे. मनाई आहे ती दुसऱ्याच्या मदतीला, एका झटक्यात दोष शोधून देणाऱ्या स्वयंचलित साधनांना आणि चॅटजीपीटीसारख्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्यकांना. मेटास्प्लॉइट नावाचे एक प्रसिद्ध साधन आहे, ते सहापैकी एकाच यंत्रावर वापरता येते. दोर आणि शिडी वर्ज्य, असे म्हणायला हरकत नाही.

पासष्ट हजार दारे

आता एखाद्या यंत्राशी परीक्षार्थी नेमके काय करतो ते पाहू.

जाळ्यावरच्या प्रत्येक संगणकाला पत्ता असतो आणि त्या पत्त्यावर क्रमांक घातलेली दारे असतात. त्यांना पोर्ट म्हणतात. क्रमांक १ ते ६५,५३५ पर्यंत जातात, कारण या क्रमांकासाठी १६ बिटांची जागा राखलेली आहे आणि २ चा १६ वा घात ६५,५३६ येतो. शून्य क्रमांक राखून ठेवलेला आहे. त्यांतली बहुतेक दारे बंदच असतात. संकेतस्थळ चालवणारा संगणक ८० किंवा ४४३ क्रमांकाच्या दारामागे बसलेला असतो, फाइलींची देवघेव करणारी जुनी सेवा २१ च्या मागे, विंडोजवरची सामायिक फाइलींची सेवा ४४५ च्या मागे. कोणते दार उघडे आहे हे एकेक दार ठोठावून पाहायचे, ही पहिली पायरी. हे काम करणारे 'एनमॅप' हे साधन १९९७ मध्ये प्रथम प्रसिद्ध झाले आणि आजही तेच वापरतात.

पहिला चकवा इथेच असतो. एनमॅपला वेगळे काही सांगितले नाही तर ते सर्वांत जास्त वापरातली १,००० दारेच तपासते. उरलेली ६४,५३५ तशीच राहतात. शिवाय ही झाली टीसीपी या पद्धतीची दारे. यूडीपी पद्धतीची तितकीच दारे वेगळी असतात आणि तीही मुद्दाम सांगितल्याशिवाय तपासली जात नाहीत. आपल्याकडे रानात चकवा लागतो म्हणतात, म्हणजे माणूस रात्रभर चालतो आणि पहाटे पाहतो तो त्याच झाडाखाली. अर्धवट तपासणी करून पुढे धावणाऱ्या परीक्षार्थीचे असेच होते. समोर दिसणाऱ्या संकेतस्थळावर तो सहा तास डोके आपटतो, आणि खरी वाट तिकडे ५०,००० च्या पलीकडच्या एखाद्या दारात उघडी असते.

दार सापडले की त्यामागे कोणती आज्ञावली आहे आणि तिची आवृत्ती कोणती हे पाहायचे. ही गोष्ट किरकोळ वाटते, म्हणून एक खरे उदाहरण देतो. फाइलींची देवघेव करणाऱ्या 'व्हीएसएफटीपीडी' नावाच्या आज्ञावलीची २.३.४ ही आवृत्ती जिथून उतरवून घेता येत होती, तिथली मूळ गठडीच २०११ च्या जून-जुलैच्या संधिकालात कोणीतरी बदलून ठेवली. बदललेल्या प्रतीत एक चोरदरवाजा होता. वापरकर्त्याच्या नावाच्या शेवटी अपूर्णविराम आणि उजवा कंस, म्हणजे हसऱ्या चेहऱ्याची खूण, टंकली की यंत्राचे ६२०० क्रमांकाचे दार उघडायचे आणि येणाऱ्याला सर्वाधिकार मिळायचे. काही दिवसांतच हे उघडकीस आले. पण सरावासाठी बनवलेल्या एका प्रसिद्ध यंत्रात ही प्रत आजही मुद्दाम ठेवलेली आहे. 'आवृत्ती २.३.४' एवढा एक आकडा वहीत उतरवणाऱ्याला वाट मिळते. ज्याने 'फाइल-सेवा चालू आहे' एवढेच लिहिले त्याला मिळत नाही.

परवलीचा शब्द

कधी दोष आज्ञावलीत नसतो, माणसात असतो. समजा, एखाद्या उघड्या फोल्डरमध्ये परवलीच्या शब्दांची यादी सापडली. चांगल्या व्यवस्थेत मूळ शब्द साठवलेले नसतात. प्रत्येक शब्दावर एक गणिती क्रिया करून आलेला अक्षरांचा पुंजका साठवतात. त्याला हॅश म्हणतात. कणीक मळल्यावर पुन्हा पीठ आणि पाणी वेगळे करता येत नाही, तसे पुंजक्यावरून शब्द काढता येत नाही. मग फोडणारा काय करतो? तो एकेक शब्द घेऊन स्वतःच कणीक मळतो आणि दोन गोळे जुळतात का ते पाहतो.

इंग्रजीची २६ लहान अक्षरे आणि आठ अक्षरांचा शब्द घेतला तर २६ चा ८ वा घात, म्हणजे सुमारे २०,८८२ कोटी शब्द होतात. हे सगळे मळून पाहण्यापेक्षा माणसे खरोखर जे शब्द वापरतात तेच आधी पाहावेत हे शहाणपणाचे. तशी यादी आहे. रॉकयू या अमेरिकी कंपनीने आपल्या ग्राहकांचे परवलीचे शब्द जसेच्या तसे साठवून ठेवले होते. डिसेंबर २००९ मध्ये ते चोरीला गेले. सव्वातीन कोटींच्या आसपास खाती होती. त्यांतले एकसारखे शब्द काढून टाकल्यावर सुमारे १ कोटी ४३ लाख शब्द उरले. ही यादी काली लिनक्सबरोबरच येते. २०,८८२ कोटींना १ कोटी ४३ लाखांनी भागले तर उत्तर साडेचौदा हजारांच्या आसपास येते. म्हणजे शोधाचे काम साडेचौदा हजार पटींनी कमी झाले, आणि तेही निव्वळ माणसाच्या स्वभावामुळे. हा हिशोब नववी-दहावीच्या वर्गात घातांकांच्या धड्याला जोडून करून पाहण्यासारखा आहे.

शिपायाची वही

आत पाय ठेवला म्हणजे काम झाले असे नाही. बहुधा पहिल्यांदा मिळतो तो साध्या वापरकर्त्याचा अधिकार, म्हणजे शाळेच्या व्हरांड्यात येता आले, पण कार्यालयाला कुलूप आहे. परीक्षेतले पुष्कळसे गुण पुढच्या पायरीचे असतात: अधिकार वाढवत नेऊन यंत्राचा मुख्याधिकारी होणे.

याचे एक नेहमीचे रूप असे. शाळेत शिपायाजवळ सर्व खोल्यांच्या किल्ल्या आहेत. मुख्याध्यापकांनी सांगून ठेवले आहे की, रोज सकाळी दहा वाजता सूचनावही वाचायची आणि तीत लिहिले असेल ते करायचे. व्यवस्था उत्तम आहे. फक्त ती वही शिक्षकखोलीतल्या टेबलावर उघडी पडलेली असते. कोणीही तीत एक ओळ लिहू शकतो: 'तिसऱ्या कपाटाची किल्ली बाहेर खिळ्याला अडकवून ठेवणे.' शिपाई ती इमानेइतबारे पाळतो. संगणकातही ठरावीक वेळी, सर्वाधिकारांनिशी, एखादी फाइल वाचून तीतल्या आज्ञा पाळणारी कामे असतात. त्या फाइलीत लिहिण्याची मुभा चुकून सगळ्यांना राहून गेली की झाले. इथे एकही कुलूप तुटलेले नाही, हे विद्यार्थ्यांना मुद्दाम दाखवावे. किल्ली, शिपाई, वही हे प्रत्येक आपापल्या जागी ठीक आहे. दोष त्यांच्या जोडणीत आहे. या परीक्षेतले पुष्कळसे दोष असेच असतात.

सहापैकी तीन यंत्रे स्वतंत्र असतात. प्रत्येकाला २० गुण: आत शिरण्याचे १० आणि सर्वाधिकार मिळवण्याचे १०. उरलेली तीन एकमेकांशी जोडलेली असतात आणि त्यांना मिळून ४० गुण असतात, १०, १० आणि २० असे वाटलेले. मोठ्या कार्यालयांत कोण कर्मचारी, कोणता संगणक, कोणाला काय उघडता येईल याची एकच मध्यवर्ती नोंद असते. विंडोज २००० बरोबर आलेली मायक्रोसॉफ्टची ॲक्टिव्ह डिरेक्टरी ती नोंद ठेवते. या तीन यंत्रांत तिचीच छोटी प्रतिकृती उभी केलेली असते. १ नोव्हेंबर २०२४ पासून परीक्षेत बदल झाला आणि या भागासाठी एका साध्या कर्मचाऱ्याचे नाव व परवलीचा शब्द परीक्षार्थीला सुरुवातीलाच दिला जाऊ लागला. काहींना ही सवलत वाटली. आम्हांला हा बदल योग्य वाटतो. फसव्या पत्राला भुलून एखादा कर्मचारी आपला शब्द देऊन बसतो, हे रोज कोठे ना कोठे घडते. ते गृहीत धरून, तिथून पुढे किती आत जाता येते, हाच खरा प्रश्न आहे. उदाहरणार्थ, एखाद्या वरिष्ठ अधिकाऱ्याने साध्या कर्मचाऱ्याच्या संगणकावर एकदा काम केले असेल तर त्याच्या शब्दाचा पुंजका तिथल्या स्मृतीत राहू शकतो. विंडोजच्या जुन्या ओळख-पद्धतीत तर पुंजक्यावरून शब्द काढावाही लागत नाही. नुसता पुंजका दाखवून पुढच्या यंत्राचे दार उघडते. हा दोष १९९७ पासून ठाऊक आहे आणि अजून पुरता गेलेला नाही.

गुणांचे आणि वेळेचे गणित

उत्तीर्ण होण्यासाठी १०० पैकी ७० गुण लागतात. तीन स्वतंत्र यंत्रे पूर्ण सर केली तरी ६० च होतात. जोडलेल्या तीन यंत्रांचे ४० घेतले तरी आणखी ३० हवेत. पूर्वी सरावाचे ठरावीक काम पुरे करणाऱ्याला १० गुण वरून मिळत; १ नोव्हेंबर २०२४ पासून तेही बंद झाले. त्यामुळे एकाच बाजूत तरबेज असून भागत नाही.

२३ तास ४५ मिनिटे म्हणजे १,४२५ मिनिटे. सहा यंत्रांत वाटली तर प्रत्येकी चार तासांहून थोडी कमी. आकडा मोठा वाटतो, पण झोप, जेवण आणि चकवे वजा करून पाहावे. अनुभवी लोक सांगतात की, एका यंत्रावर दोन तास काहीच नवे हाती लागले नाही तर ते सोडून दुसऱ्याकडे वळावे आणि रात्री किमान चार-पाच तास झोपावे. या परीक्षेशी जोडलेले घोषवाक्य 'आणखी जोर लावा' अशा अर्थाचे आहे. आमच्या मते त्याने पुष्कळांची दिशाभूल होते. जोर लावून चुकीचे दार उघडत नाही. सकाळी ताज्या डोळ्यांनी आदल्या दिवशीची वही वाचताना, तिथेच लिहून ठेवलेली आणि दुर्लक्षिलेली ओळ सापडणे, हे फार वेळा घडते. चोवीस तासांची ही मर्यादा निर्दय आहे असे म्हणणारे आहेत आणि त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. घरात लहान मूल किंवा आजारी माणूस असणाऱ्याला एवढा सलग वेळ काढणे सोपे नाही, आणि त्यावरून त्याचे कौशल्य कमी ठरत नाही.

अहवाल

आता ज्या भागाकडे तरुण मंडळी सर्वांत कमी लक्ष देतात त्याकडे येऊ. प्रत्येक यंत्रात ठरावीक जागी एक छोटी फाइल ठेवलेली असते आणि तीत ३२ अक्षरांची निरर्थक ओळ असते. गडावर रोवलेले निशाण ते हेच. ही ओळ परीक्षेच्या फलकावर भरायची असते, पण तेवढ्याने गुण मिळत नाहीत. ती फाइल उघडली त्या क्षणाचे, यंत्राचा पत्ता दिसेल असे पडद्याचे चित्र हवे. आणि पहिल्या ठोठावण्यापासून शेवटपर्यंत प्रत्येक पायरी, प्रत्येक आज्ञा, तिचे आलेले उत्तर अशा रीतीने लिहिलेले हवे की, हे काम माहीत असलेल्या वाचकाला तो अहवाल समोर ठेवून तेच पुन्हा करून दाखवता यावे. एक पायरी गाळली, एक चित्र राहिले तर त्या यंत्राचे गुण जाऊ शकतात. अहवाल एकदा पाठवला की त्यात भर घालता येत नाही. निकालही फक्त उत्तीर्ण किंवा अनुत्तीर्ण एवढाच कळतो.

काहींना हे कारकुनी काम वाटते. त्यांनी या विद्येचा इतिहास पाहावा. १९७४ मध्ये अमेरिकी हवाईदलासाठी पॉल कार्गर आणि रॉजर शेल यांनी मल्टिक्स या त्या काळच्या अत्यंत सुरक्षित समजल्या जाणाऱ्या प्रणालीची भेदन-चाचणी केली. त्यांच्या अहवालात एक कल्पना होती: आज्ञावलींचे भाषांतर करणाऱ्या कंपायलरमध्येच चोरदरवाजा दडवता येईल. पुढे युनिक्सचे एक जनक केन टॉम्पसन यांनी १९८४ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ट्युरिंग पुरस्काराच्या व्याख्यानात हीच कल्पना सविस्तर मांडली आणि ती हवाईदलाच्या एका दस्तऐवजात वाचल्याचे सांगितले. मल्टिक्सची यंत्रे कधीच बंद पडली. अहवाल मात्र अजून वाचला जातो.

आपल्या प्रयोगवहीचे काय? वर्ष संपताना एकाच्या वहीवरून सगळा वर्ग उतरवून काढतो हे आपण जाणतो. या परीक्षेची तयारी करणाऱ्याला पहिली सवय मोडावी लागते ती हीच. काम करता करता, त्याच मिनिटाला लिहायचे. जे फसले तेही लिहायचे, म्हणजे पहाटे तीन वाजता तेच पुन्हा करून पाहिले जात नाही.

तयारी

तयारीला किती दिवस लागतात याचे एकच उत्तर नाही. लिनक्सच्या आज्ञा, जाळ्यांची मूलतत्त्वे आणि पायथॉनसारख्या एखाद्या भाषेत पाच-पन्नास ओळी लिहिण्याचा सराव हे आधीच अंगवळणी असेल त्याला काही महिने पुरतात. नसेल तर वर्षभर धरावे. अभ्यासक्रम, सरावाची प्रयोगशाळा आणि परीक्षेचा एक प्रयत्न मिळून दीड हजार डॉलरहून अधिक खर्च येतो, म्हणजे लाखाच्या बराच वर. अनुत्तीर्ण झाल्यास पुन्हा शुल्क भरावे लागते आणि काही आठवडे थांबावे लागते. पहिल्या प्रयत्नात न जमणे यात नवल नाही, म्हणून कर्ज काढून ही परीक्षा देऊ पाहणाऱ्या विद्यार्थ्याला हे सर्व आधी स्पष्ट सांगावे. मराठी माध्यमातून आलेल्यांनी आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी: अभ्यासाचे साहित्य इंग्रजीत आहे आणि अहवालही इंग्रजीतच लिहायचा असतो. भाषा अलंकारिक नको, सरळ हवी. 'अमुक आज्ञा दिली, अमुक उत्तर आले, त्यावरून अमुक कळले' अशी तीन वाक्ये बिनचूक लिहिता आली की पुरे, पण ती लिहिण्याचा सराव मात्र पहिल्या दिवसापासून करावा. हाच पाया पक्का करायचा दुसरा रस्ता पुण्याच्या सी-डॅक या सरकारी संस्थेच्या संगणक-सुरक्षेच्या पदव्युत्तर पदविकेतून जातो. ओएससीपी हा एकमेव दरवाजा आहे असे कोणी समजू नये.

खर्चाच्या आधीचा पुष्कळ सराव फुकट करता येतो. एका साध्या संगणकावर, आठ जीबी स्मृती असली तरी चालते, व्हर्च्युअलबॉक्स हे मोफत साधन बसवून त्यात दोन आभासी यंत्रे तयार करावीत: एक काली लिनक्स आणि दुसरे 'मेटास्प्लॉइटेबल' नावाचे, मुद्दाम दोष ठेवून बनवलेले यंत्र. वर सांगितलेली हसऱ्या चेहऱ्याची प्रत त्यातच आहे. दोन्ही यंत्रांची जोडणी 'फक्त यजमान' या प्रकारची ठेवावी. त्यामुळे ती एकमेकांशी आणि त्या संगणकाशीच बोलतात, शाळेच्या जाळ्याशी किंवा इंटरनेटशी नाही. ही अट शिक्षकांनी स्वतः तपासून पाहावी. दोषांनी भरलेले यंत्र उघड्यावर ठेवणे म्हणजे घराचे दार सताड उघडे टाकून जत्रेला जाणे होय.

आणि परवानगी. रायगडाच्या गोष्टीतून बक्षिसाची घोषणा काढून टाका, मग तोच चढणारा हेर ठरतो. आपल्या माहिती तंत्रज्ञान कायदा २००० च्या कलम ४३ नुसार मालकाच्या परवानगीशिवाय संगणकात शिरल्यास भरपाई द्यावी लागते. तेच कृत्य अप्रामाणिकपणे किंवा फसवणुकीच्या हेतूने केले तर कलम ६६ नुसार तीन वर्षांपर्यंत कैद, पाच लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. 'मी नुसते पाहत होतो, काही बिघडवले नाही' असे म्हणून जबाबदारी टळत नाही, कारण परवानगीवाचून शिरणे हीच पहिली गोष्ट मोजली जाते. महाविद्यालयाच्या गुणपत्रिकांचे संकेतस्थळ, शेजाऱ्याचे वायफाय, बँकेचे ॲप यांवर हात चालवून पाहण्याचा मोह सोळा-सतरा वर्षांच्या हुशार मुलाला होतो. त्याला नुसते रागावून तो मोह जात नाही. त्याला चढायला स्वतःचा एखादा कडा द्यावा लागतो.

असा एक कडा कोणत्याही इयत्तेला देता येईल. 'ओव्हर द वायर' या मोफत सरावस्थळावर 'बँडिट' नावाचा खेळ आहे. तीसहून अधिक पायऱ्या, प्रत्येक पायरीवर दडवलेला परवलीचा शब्द, तो मिळाला की पुढची पायरी. पहिल्या पायरीवर शब्द एका साध्या फाइलीत असतो. 'कॅट' ही आज्ञा आणि पुढे फाइलीचे नाव टंकले की मजकूर पडद्यावर येतो. पुढच्याच पायरीवर मात्र फाइलीचे नाव म्हणजे नुसती एक आडवी रेघ आहे. विद्यार्थी कॅट लिहितो, आडवी रेघ लिहितो, एंटर दाबतो, आणि संगणक काहीच दाखवत नाही. चूकही सांगत नाही, नुसता वाट पाहत बसतो. तो कशाची वाट पाहत आहे हे उत्तर न सांगता वर्गाला विचारावे, आणि प्रत्येकाने काय काय करून पाहिले ते वहीत लिहून घ्यावे.